फागणे ते नशिराबाद

फागण्याला ती नुसती कुरकुरली.
आम्ही म्हणालो, ऊन लागत असेल.
खिडकीत माझी ओढणी अडकवली,
ओढणीवरची निळी पानं तिच्या मांडीवर हलली.
रेवाने पानांकडे पाहिलं, मग आमच्याकडे,
आणि तोंड उघडलं.

मुकटी येईपर्यंत सगळी हत्यारं संपली.
खुळखुळा, किल्ल्यांचा जुडगा, बिस्किटाचा अर्धा पुडा,
प्रल्हादचा चष्मा, ज्याची डावी काडी आता सैल आहे,
मोबाईलमधलं नाचणारं वांगं.
वांग्याला तर ती घाबरलीच.

गाडी मी चालवत होते.
मागे बसून सांभाळायचं काम
प्रल्हादने या वेळी स्वतःहून घेतलेलं,
धुळ्यात, मामांसमोर, जरा मोठ्यानेच.
आता आरशात त्याचा फक्त घाम दिसत होता.

बेल्ट सोडू का?
नको.
पाचच मिनिटं.
नको म्हटलं ना.

पुढे कापसाचा ट्रक, ताडपत्रीतून बोंडं सुटलेली,
पांढरं काहीतरी काचेवर येऊन चिकटायचं, उडायचं.
"भू बघ, भू, केवढी मोठी भू," प्रल्हाद म्हणाला.
अकरा महिन्यांच्या बाईला भूचं काय.
तिचा आवाज वर चढायचा, तिथे थांबायचा,
आणि त्या थांबण्यात
मी स्टिअरिंग इतकं आवळायचे
की पुढचा हुंदका आला की बरंच वाटायचं.

पारोळ्याच्या पुढे निंबाखाली गाडी घेतली.
शेतात वेचणी चालू होती.
एक बाई ओटी सावरत बांधापर्यंत आली,
"काबर रडी ऱ्हायनी वं पोर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि माझंच रडू बाहेर पडलं,
रस्त्यावर, दिवसाढवळ्या,
नाकातोंडातून, आवाजासकट.
"आते मायबी?" बाई म्हणाली,
आणि गाठोडं खाली ठेवून उभी राहिली,
कारण बघण्यासारखं होतंच ते.

रेवा गप्प.
जेसीबीकडे बघते तशी माझ्याकडे बघत राहिली,
मान जरा वाकडी करून.
मग मुठीतलं चिंब, केसाळ झालेलं बिस्किट
तिने माझ्या ओठांवर दाबलं.
सकाळपासून एवढे उपाय झाले त्या गाडीत,
लागू पडला तो हा एक.
मी खाल्लं. ओढणीच्या लोकरीसकट.

एरंडोलला पुन्हा सुरू झालं, अर्थातच.
पण आता आम्ही काही वाजवलं नाही,
काही नाचवलं नाही.
प्रल्हादने तिचा पाय धरला, मोजा काढून,
आणि खिडकीबाहेर बघत बसला.
ती रडत होती आणि आम्ही चाललो होतो,
पिंपळकोठा गेलं, पाळधी गेलं,
रडणं गाडीतच होतं,
चौथ्या माणसासारखं, ज्याला जळगावलाच उतरायचंय.

बांभोरीच्या पुलावर ते उतरलं.
आधी गिरणेच्या वाळूचा वास आला की शांतता आली,
नक्की सांगता येणार नाही.
आरशात पाहिलं तर मान कलंडलेली,
गालावर मिठाची रेघ, तोंड उघडंच,
जणू एक वाक्य राहिलंय.

आता पंचाईत अशी
की घर दहा मिनिटांवर.
गाडी थांबली की ती उठते.
इंजिन बंद केलं की उठते. दार लावलं की उठते.
इच्छादेवीपाशी मी इंडिकेटर दिला,
त्याची टिकटिक ऐकली, आणि बंद केला.
प्रल्हाद काही बोलला नाही.
घर उजवीकडे राहिलं,
बाल्कनीत सकाळचे लंगोट वाळत होते, ते दिसल्यासारखे वाटले.

भुसावळच्या रस्त्याला ऊन उतरत होतं.
"गतिरोधक," तो कुजबुजला.
मी दुसऱ्या गिअरवर, अंड्यावरून नेल्यासारखी नेली.
केव्हापासून आम्ही दोघं असे
काही न करता एका गाडीत बसलो नव्हतो.
त्याने मागून माझ्या खांद्यावरचा कापूस उचलला.

नशिराबादचा टोलनाका दिसला
तेव्हा आम्हाला दोघांनाही एकदमच आठवलं
की तिथलं यंत्र मोठ्याने वाजतं.
मी श्वास धरला.
प्रल्हादने दोन्ही हात तिच्या कानांशी नेले,
न टेकवता.